सहा आठवडे, दोन गोष्टी आणि एक विहीर

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात काही गोष्टी ठरलेल्या असतात. प्रेमभंगाच्या चारोळ्या, मेसच्या डाळीवरचे विनोद आणि 'गेटची तयारी कशी करावी' हा एक लेख. मीही तयारीवरच लिहितोय, फक्त परीक्षा वेगळी आहे. तिला सिलॅबस नाही, मागच्या वर्षीचे पेपर नाहीत आणि झेरॉक्सवाल्याकडे नोट्सही मिळत नाहीत. विज्ञानकथा लिहायला शिकवणाऱ्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी कार्यशाळेला अर्ज करायचा, असं मी ठरवलंय. त्यासाठी काय करावं लागतं, हे जितकं समजलं तितकं इथे मांडतो. अर्ज करणार नसाल तरी वाचा. सेमिनार रिपोर्ट लिहितानासुद्धा यातलं थोडं कामाला येईल.

ही भानगड काय आहे?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या क्लॅरियन नावाच्या गावी १९६८ साली रॉबिन स्कॉट विल्सन या प्राध्यापकानं कॉलेजात एक कार्यशाळा सुरू केली. विषय, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिणं. पुढे ती मिशिगनला गेली आणि २००७ साली कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला. तिचीच बहीण शोभेल अशी 'क्लॅरियन वेस्ट' सिॲटलला आहे. पद्धत साधी आणि कठोर. अठराच्या आसपास विद्यार्थी, दर आठवड्याला एक नवा लेखक शिकवायला आणि प्रत्येकानं आठवड्याला जमेल तर एक नवी गोष्ट लिहून वर्गासमोर ठेवायची. म्हणजे आपल्या सबमिशनचा आठवडा सलग सहा वेळा, आणि कॉपी करायला शेजारच्याची फाईल नाही!

यातून कोण बाहेर पडलं ते पाहा. ऑक्टेव्हिया बटलर १९७० साली तिथे विद्यार्थिनी होत्या. घरची गरिबी, पोटासाठी मिळेल ते काम आणि पहाटे उठून लिखाण, असा त्यांचा दिनक्रम. पुढे त्या जगभर वाचल्या गेल्या. २००६ मध्ये त्या वारल्यावर त्यांच्या नावानं या कार्यशाळांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. टेड चँग १९८९ च्या वर्गातले. शिक्षण कॉम्प्युटर सायन्सचं, पोटापाण्याचं काम तांत्रिक मॅन्युअल लिहिण्याचं. 'अरायव्हल' हा २०१६ चा सिनेमा त्यांच्याच कथेवर आहे. आपल्याकडच्यांपैकी कॉम्प्युटर क्षेत्रातले अनिल मेनन क्लॅरियन वेस्टला शिकून आले, आणि २००९ च्या उन्हाळ्यात त्यांनी, वंदना सिंग आणि सुचित्रा माथूर यांनी आयआयटी कानपूरला अशीच तीन आठवड्यांची कार्यशाळा घेतली. तेव्हा हे काम फक्त गोऱ्यांचं, असं कुणी समजू नये.

आपल्या मातीत काय आहे?

आमचं गाव कुंडल, तालुका पलूस, जिल्हा सांगली. "कुंडलात काय विज्ञानकथा लिहिणार? ऊस आणि द्राक्षं!" असं रूम पार्टनर म्हणाला. त्याला मी पुढची यादी ऐकवली.

एक. आमच्या शेजारचं किर्लोस्करवाडी स्टेशन पूर्वी 'कुंडल रोड' होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या त्या माळावर कारखाना उभा केला. लोखंडी नांगराच्या त्याच कारखान्याच्या वसाहतीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं. शंकरराव किर्लोस्कर संपादक. पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'ही तिथूनच निघाली. कारखान्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या वस्तीतून मराठीतली तीन गाजलेली मासिकं निघाली! इंजिनिअरिंग आणि साहित्य यांचं वैर आहे, हे कुणी सांगितलं आपल्याला?

दोन. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चाललं. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. क्रांतिसिंह नाना पाटील नेते, तुफान सेनेचे फील्ड मार्शल आमचे जी. डी. बापू लाड. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रेल्वे लुटली, ती याच लोकांनी. इंग्रजांचं राज्य असताना गावोगावी लोकांची न्यायदान मंडळं बसत होती. 'असं झालं असतं तर' या प्रश्नासाठी यापेक्षा चांगली जमीन कुठे मिळणार?

तीन. डॉ. जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखक, नारायण विनायक जगताप. नंतर कळलं, हे जगताप म्हणजे खुद्द नारळीकर. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज.! नावाच्या वजनावर बक्षीस मिळू नये, गोष्ट स्वतःच्या पायावर उभी राहावी, एवढ्यासाठी ही उठाठेव. तोवर ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाले होते. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथाप्रकाराची दखल घेतली. २० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्यांचं हे टोपणनावाचं उदाहरण मात्र नव्या लेखकानं भिंतीवर लावावं असं आहे.

पहिला धडा : गृहीत एकच

विज्ञानकथा म्हणजे यान, रोबो आणि परग्रहावरची सुंदरी नव्हे. विज्ञानकथेत जगातली एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. लॅबमध्ये आपण एकच व्हेरिएबल बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो, तसंच. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत बदल एवढाच की पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, निसटून जाते. बाकीचा इतिहास त्या एका गोळीमागून आपोआप फिरत जातो. दहा गोष्टी एकदम बदलल्या तर वाचकाला कशाचंच नवल वाटत नाही.

दुसरा धडा : आकडे मांडा

अर्जासाठी दोन पूर्ण कथा लागतात. माझ्या पहिल्या कथेचं गृहीत असं : भूजल उपसून उपसून पाणी ३० मीटरवरून ३०० मीटरवर गेलंय. बाकी सगळं तेच. तीच शेतं, तीच माणसं, १० हॉर्सपॉवरची मोटर.

आता आपल्या हायड्रॉलिक्सच्या सूत्रानं बघा. १० हॉर्सपॉवर म्हणजे ७.४६ किलोवॅट. एकूण कार्यक्षमता ६० टक्के धरली तर पाण्याच्या वाट्याला साधारण ४.५ किलोवॅट येतात. ३० मीटरवरून तेवढ्या शक्तीत सेकंदाला १५ लिटर, म्हणजे तासाला सुमारे ५५ हजार लिटर पाणी वर येतं. एका एकराला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचं तर २ लाख लिटर लागतात. म्हणजे पावणेचार तासांत एकर भिजला. चहा-भाकरी करून माणूस घरी.

खोली दहापट केली आणि तिला साजेसा पंप बसवला की पाणी दहावा हिस्सा. एक एकर भिजायला ३७ तास. पाइपमधलं घर्षण धरलं तर त्याहून जास्त. शेतीची वीज दिवसाला आठ तास धरली तर एका एकराला पाच दिवस. उन्हाळ्यात उसाला आठ-दहा दिवसांनी पाणी पाहिजे. म्हणजे त्या बोअरवर जेमतेम दोन एकर ऊस जगतो. तिसरा एकर वाळणार, मोटर कितीही चालू ठेवा.

तिसरा धडा : आकडा माणसावर नेऊन ठेवा

इथपर्यंत आपण सगळे येतो आणि इथेच थांबतो. उत्तराखाली दोन रेघा मारल्या की प्रॉब्लेम संपला! पण गोष्ट इथून सुरू होते. बोअर सामाईक आहे. दोघे भाऊ, प्रत्येकाची दोन एकर जमीन. पाणी दोन एकरांपुरतंच. आता कुणाचा ऊस जाळायचा? रात्री दोनला लाईट येते, थोरला दारं धरायला उठतो, तर धाकटा आधीच मोटरच्या पेटीजवळ बसलेला. दोघांतला एकही वाईट नाही. दोघांनाही ३७ हा आकडा तोंडपाठ आहे. हे लिहिताना मला कळलं की खलनायक लागतच नाही. सूत्रच पुरेसं आहे.

आमच्या भागात कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या ताकारीसारख्या योजना झाल्या म्हणून शिवारं हिरवी दिसतात. हे हिरवेपण विजेवर आणि उपशावर उभं आहे. ते विसरलं तर काय होईल, हे सांगायला भाषण नको, एक रात्र पुरते.

चौथा धडा : लेखकानं तोंड बंद ठेवायचं

क्लॅरियनच्या वर्गात चर्चेची जी पद्धत चालते तिला 'मिलफर्ड पद्धत' म्हणतात. डेमन नाइट वगैरे लेखकांनी १९५० च्या दशकात मिलफर्ड गावी ती रुजवली. सगळे गोल करून बसतात. प्रत्येकानं दोन-तीन मिनिटं बोलायचं : काय कळलं, काय नाही कळलं, कुठे कंटाळा आला. तेवढा वेळ लेखकानं एक अक्षर बोलायचं नाही. सगळे झाल्यावर शेवटी त्याची पाळी. यामागचं कारण सरळ आहे. छापून आलेल्या गोष्टीसोबत लेखक प्रत्येक वाचकाच्या घरी समजावून सांगायला जात नाही. जे कागदावर नाही ते नाहीच.

आम्ही हे हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये चालू केलंय. वायवामध्ये गप्प बसायची सवय सगळ्यांनाच आहे, पण स्वतःच्या गोष्टीवर गप्प बसणं भलतंच अवघड! इलेक्ट्रिकलच्या मित्रानं व्होल्टेज ड्रॉप विचारला, सिव्हिलवाल्यानं खडकाचा थर विचारला. दोन्ही रास्त. पण सगळ्यात मोठा प्रश्न आला ताटं गोळा करणाऱ्या मेसच्या मावशींकडून. दाराशी उभ्या राहून त्यांनी सगळी गोष्ट ऐकली आणि म्हणाल्या, "ते समदं खरं, पर प्यायचं पाणी कोण आणतंय त्या घरात? ती बाई कुठं हाय?" खोली शांत. त्या दिवसापासून माझ्या गोष्टीत रात्री दोनला तिसरं माणूसही जागं असतं, आणि निर्णय तिच्या हातात येतो.

पाचवा धडा : भाषा आणि पैसा

कार्यशाळा इंग्रजीत चालते. मी पहिला खर्डा मराठीतच लिहितो, मग स्वतःच इंग्रजीत नवी गोष्ट लिहावी तशी लिहितो. 'दारं धरणं' याला इंग्रजी शब्द शोधत बसत नाही. थोरला पायानं माती ओढून सरीचं तोंड बंद करतो आणि दुसऱ्या सरीचं उघडतो, एवढं दाखवलं की सिॲटलच्या वाचकालाही कळतं.

पैशाचं सोंग मात्र आणता येत नाही. फी, विमान, व्हिसा, सगळं मिळून आमच्या घरच्या उसाच्या बिलाला मोठं भगदाड पडेल. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं. शिवाय वर्ग जून-जुलैत असतात आणि कॅम्पसमध्ये लागलेल्या नोकरीवर हजर व्हायची तारीखही जुलैतच आहे. आबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "नोकरी वाट बघंल का तुजी?" मी म्हणालो, "नाही बघायची." ते म्हणाले, "मग गोष्ट तरी तशी लिव्ह." हो की नाही, ते अजून त्यांनी सांगितलेलं नाही. मीही परत विचारलेलं नाही. आधी दोन कथा पुऱ्या करायच्या, एवढंच माझ्या हातात आहे.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी वेळापत्रक

पहिला आठवडा : एकच गृहीत, एका वाक्यात. दुसरा : त्याची आकडेमोड, लायब्ररीतली पुस्तकं उघडून. तिसरा : त्या आकड्यानं ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं तो माणूस शोधा, गोष्ट त्याची. चौथा : खर्डा, शेवटापर्यंत, मागे न बघता. पाचवा : मिलफर्ड पद्धतीनं वाचन, तोंड बंद. सहावा : पुन्हा लेखन. शेवटी कागदावर स्वतःचं नाव न घालता कुणाला तरी वाचायला द्या. ना. वि. जगतापांना जे जमलं ते आपल्यालाही जमेल.

सिॲटलला जायला व्हिसा लागतो, रीडिंग रूमला लागत नाही. रविवारी रात्री मेस सुटली की आम्ही तिथेच बसतो. माझी दुसरी गोष्ट प्रतिसरकारच्या कुंडलची आहे, आणि तिचा शेवट मला अजून सापडलेला नाही. ऐकायला माणसं कमी पडतायत. स्टाफपैकी कुणी आलं तर आनंदच आहे, पण नियम सगळ्यांना एकच, सर. तुमची गोष्ट वाचली जात असताना तुम्हालाही गप्प बसावं लागेल!