खनिज तेल : विसाव्या शतकारंभीचे अग्रेसर देश

आपल्या सदलगा परिसरात एकाच वस्तूस दोन नावे ऐकू येतात. मराठी घरात जे रॉकेल, तेच कानडीत सीमेएण्णे. ‘सीमे’ म्हणजे परका मुलूख. तेथून आलेले तेल ते सीमेएण्णे. भुईमुगाचे तेल आपल्या शिवारातले, हे मात्र दूरदेशीचे, हा भेद त्या नावातच आहे. हा दूरदेश कोणता आणि तो वेळोवेळी का बदलला, याचा विचार आपण येथे करू.

रॉकेल हे खनिज तेल शुद्ध करून मिळते. १८५९ मध्ये अमेरिकेतील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेक यांच्या विहिरीस तेल लागले आणि या धंद्याचा पाया घातला गेला. त्या काळी दिव्यासाठी रॉकेल मिळविणे हाच मुख्य हेतू असे. पेट्रोलला फारशी किंमत नव्हती.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पहिला मान होता रशियाचा. १९०१ मध्ये जगात सुमारे १६ कोटी ७० लक्ष पिंपे तेल निघाले. (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर.) त्यांपैकी साडेआठ कोटी, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक, रशियाचे होते, आणि त्यातील बहुतेक सर्व कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकू शहराभोवती निघत असे. अमेरिकेचे उत्पादन सात कोटींच्या आतच होते.

परंतु त्याच वर्षी, १० जानेवारीस, टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा प्रचंड फवारा उसळला. पुढच्याच वर्षी अमेरिका अग्रभागी आली. १९०५ मध्ये बाकूत दंगली होऊन तेलविहिरी जळाल्या आणि रशियाचा मान कायमचा नव्हे, तरी दीर्घकाळ गेला.

येथे विद्यार्थ्यांनी आकडे वाचण्याची एक रीत ध्यानात घ्यावी. अमेरिकेचे उत्पादन १९१० मध्ये सुमारे २१ कोटी, १९२० मध्ये ४४ कोटी आणि १९३० मध्ये ९० कोटी पिंपे होते. जगाचे एकूण उत्पादन त्याच वर्षी अनुक्रमे ३३, ६९ आणि १४१ कोटी होते. वीस वर्षांत अमेरिकेचे उत्पादन चौपटीहून अधिक झाले. परंतु शेकडेवारी काढली, तर तिन्ही वेळा ती ६४ च्या आसपासच येते. कारण मोटारगाड्या आणि तेलावर चालणारी जहाजे वाढली, तसे सारे जगच अधिक तेल उपसू लागले. तेव्हा परिमाण आणि वाटा या दोन गोष्टी निरनिराळ्या मोजाव्यात.

दुसऱ्या क्रमांकाची कथा अधिक बोधप्रद आहे. १९२१ मध्ये मेक्सिकोने १९ कोटींहून अधिक पिंपे, म्हणजे जगाचा चौथा हिस्सा, तेल काढले. परंतु भरमसाट उपशामुळे विहिरींत खारे पाणी शिरले आणि उत्पादन झपाट्याने घसरले. १९२२ मध्ये व्हेनेझुएलात मोठा साठा लागला व दशक संपण्यापूर्वीच त्या देशाने दुसरे स्थान पटकावले. इराणात १९०८ मध्येच तेल लागले होते. मात्र या तिन्ही देशांत विहिरी बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या हाती होत्या. तेल ज्याच्या भूमीत, नफा त्याचाच, असे नव्हे.

आपल्या देशाचे काय? आसामात दिग्बोई येथे १९०१ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, पण तेथील उत्पादन अल्प होते. भारताच्या रॉकेलचा मोठा भाग ब्रह्मदेशातून येई. १९४२ मध्ये जपानी सैन्य पुढे सरकले, तेव्हा माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी येनांजांगच्या तेलविहिरी निकामी केल्या. भारतात रॉकेलची टंचाई पडून ते मापून मिळू लागले. शेकडो कोस दूरच्या विहिरी बंद पडताच खेड्यापाड्यांतील मुलांना दिव्याची वात खाली करावी लागली. नकाशावरील परका मुलूख असा घराच्या देवळीपर्यंत पोहोचतो.

दूधगंगेकाठचा ऊस तोडला, तरी त्याचा खोडवा पुन्हा फुटतो. भूगर्भातील तेल हे पीक नव्हे, ती ठेव आहे. उपसलेले पुन्हा भरत नाही. म्हणून कोणता देश पहिला, एवढे पाठ करून भूगोलाचा अभ्यास पुरा होत नाही. तो पहिला का झाला, किती काळ टिकला आणि त्या तेलावर कोणाची चूल व कोणाचा दिवा अवलंबून होता, हेही प्रत्येक कोष्टकास विचारावे.