स्पंज, हवा आणि विजेचं बिल

रेवा : काका, मैलापाणी स्पंजातून शुद्ध होतं म्हणे. म्हणजे घाण गाळून घ्यायची, एवढंच ना?

काका : गाळायला फडकं पुरे, त्याला स्पंज कशाला? स्पंज जिवाणूंना घर देतो. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पोकळी. तिथे वस्ती केलेले जिवाणू वरून झिरपणाऱ्या पाण्यातली घाण खातात. त्यासाठी प्राणवायू हवा. नेहमीच्या केंद्रात तो ब्लोअरने पाण्यात सोडतात आणि विजेचा मोठा वाटा तिथेच जातो. इथे स्पंज टांगलेले, त्यांच्याभोवती हवा मोकळी असते. वीज लागते ती पाणी वर चढवायला. जपानच्या हिदेकी हाराडांनी 1990 च्या दशकात ही रीत विकसित केली. पुढे कर्नालला रोज 10 लाख लिटरवर तिचा प्रयोग झाला.

रेवा : पण स्पंज चोंदेल की.

काका : कच्चं मैलापाणी सोडलंस तर चोंदेलच. म्हणून आधी यूएएसबी. त्या टाकीत पाणी तळातून वर चढतं, गाळातले हवेविना जगणारे जिवाणू घाण फोडतात, मिथेन मिळतो. यमुना कृती योजनेत अशा टाक्या बांधल्या, पण नुसत्या टाकीतून निघणारं पाणी बीओडीच्या, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूच्या, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या मर्यादेत बसेना. स्पंज ती उरलेली घाण खातो. रोगजंतूंसाठी मात्र शेवटी क्लोरीन लागतंच.

रेवा : तरीही चोंदला तर?

काका : चोंदण्याचंच काय घेऊन बसलीस! स्पंजात अन्न कमी पडलं की सूक्ष्मजीव एकमेकांनाच खातात, त्यामुळे गाळ थोडाच उरतो. खरी काळजी पाणी वाटणाऱ्या भोकांची. ती बुजली की निम्मे स्पंज कोरडे. फीत कापायला दहा जण येतात, भोकं साफ करायला एक माणूस नेमवत नाही!

रेवा : मग पनवेलला हे चालेल? शेजारी नवी मुंबईत एसबीआर, म्हणजे ब्लोअरवर चालणारी केंद्रं, आहेतच की.

काका : चालू आहेत ती चालू द्यावीत; त्यांना जागाही कमी लागते. पण 2016 मध्ये पनवेलची महापालिका झाली तेव्हा शहराबरोबर 29 गावंही आत आली. तिथे छोट्या केंद्राला ब्लोअरचं बिल जड जाईल. कोकणातली ऊब यूएएसबीला मानवते. अडचण पावसाळ्याची. पावसाचं पाणी मलवाहिनीत शिरलं की टाकीतला गाळ धुऊन स्पंजावर येणार, आणि तेव्हा तुझी शंका खरी ठरेल. तळोज्याच्या कारखान्यांचं रासायनिक पाणीही यात नको, जिवाणू मरतील. म्हणून पनवेलच्या गाढी नदीकाठी स्पंज टांगण्याआधी पावसाची गटारं मलवाहिन्यांपासून वेगळी करायला हवीत. ते काम जमिनीखालचं. त्याला कुणी फीत बांधत नाही.