‘लाईन’ : एक शब्द, अनेक अर्थ

कृष्णाकाठच्या गावांत ‘लाईन आली का?’ हा प्रश्न दिवसातून अनेकदा ऐकू येतो. विहिरीवरची मोटार सुरू करण्यासाठी थांबलेला शेतकरी तो विचारतो, तेव्हा त्याला वीज अभिप्रेत असते. तोच शेतकरी ‘लाईन फुटली’ म्हणतो, तेव्हा जमिनीखालून पाणी नेणारा नळ फुटलेला असतो. धान्य दुकानासमोर ‘लाईन मोठी आहे’ म्हणजे रांग लांब आहे. मिरज स्थानकावर लाईन म्हणजे लोहमार्ग, पोलिसांच्या कुटुंबांच्या बाबतीत लाईन म्हणजे त्यांची वसाहत आणि लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा कोणत्या लाईनीत आहे?’ असे विचारले, तर उत्तरात व्यवसाय सांगायचा असतो. मूळ इंग्रजी असलेला हा शब्द सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या बोलण्यात असा मुरला आहे. त्याचे अर्थ कसे वाढले आणि ते वेगळे ठेवण्याची गरज कोठे पडते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

जवसाचा दोरा

या शब्दाचे मूळ शेतातच सापडते. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनुम’ म्हणत. जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या तंतूच्या दोऱ्याला ‘लिनेआ’ हे नाव पडले आणि त्यापासून इंग्रजीतील ‘लाईन’ हा शब्द आला. लिनन हे कापडाचे नावही त्याच कुळातले. आपल्याकडे जवस ओळखीचे आहे ते तेलासाठी आणि चटणीसाठी. युरोपात त्याचे महत्त्व तंतूसाठी होते.

दोरा ताणला की सरळ रेघ मिळते. म्हणून दोऱ्याचे नाव रेघेला मिळाले. रेघेवरून ते ओळीला, रांगेला, सीमेला आणि मार्गाला लावले गेले. वंशाची परंपरा, सैन्याची फळी, मासे धरण्याची गळाची दोरी, पुस्तकातील ओळ, वस्तूंची मालिका, कामाची पद्धत असे त्याचे कितीतरी अर्थ इंग्रजीत रूढ आहेत. ते परस्परांपासून दूर वाटले, तरी सरळपणा आणि सलगपणा ही कल्पना बहुतेकांच्या मुळाशी आहे.

मराठीतील ‘सूत’ या शब्दाचा प्रवासही असाच झाला आहे. सूत म्हणजे प्रथम धागा. पुढे सुतासारखा सरळ, हा वर्णनाचा प्रकार झाला. कारागिरांच्या मोजणीत सूत हे इंचाच्या आठव्या भागाचे माप झाले. दोन माणसांचे सूत जमणे, हा वाक्प्रचार झाला. तेव्हा एका शब्दाने अनेक अर्थ वाहणे ही इंग्रजीचीच विशेषता नव्हे. गवंडी बांधकामावर जी दोरी ताणतो तिला पुष्कळ ठिकाणी ‘लाईनदोरी’ म्हणतात. या जोडशब्दात दोरीशेजारी पुन्हा दोराच येऊन बसला आहे.

रूळ, तारा आणि नळ

या भागात हा शब्द रुजला तो मुख्यतः तीन गोष्टींमुळे. पहिली रेल्वे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून कोरेगाव, रहिमतपूर, कराडमार्गे मिरजेकडे मीटरगेज लोहमार्ग आला. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली. तीच किर्लोस्करवाडी. पुणे-मिरज मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर १९७१ पर्यंत पूर्ण झाले. बेळगावकडचा मार्ग त्यानंतरही काही काळ मीटरगेज होता आणि पंढरपूरकडचा बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग नॅरोगेज होता. त्यामुळे त्या काळात मिरजेत १,६७६, १,००० आणि ७६२ मिलिमीटर अशा तिन्ही रुंदींचे लोहमार्ग एकत्र आलेले होते. तेथे नुसते ‘लाईन’ म्हणून भागत नसे. कोणती, हे सांगावेच लागे.

दुसरी गोष्ट वीज. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली आणि कोयना प्रकल्पातून १९६२ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली. खांब आणि तारा गावोगावी पोहोचल्या, तसा लाईन हा शब्द तारांना, तारांतील विजेला आणि वीज असण्याच्या वेळेलाही लागू झाला. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्याला ‘जनमित्र’ हे नाव दिले. गावात मात्र तो अजून ‘लाईनमन’च आहे.

तिसरी गोष्ट पाणी. कृष्णेचे पाणी उचलून माळावर नेणाऱ्या लहानमोठ्या योजनांनी या दोन्ही जिल्ह्यांचे रूप बदलले. ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना सांगली जिल्ह्यातील. टेंभू योजना कराडजवळ कृष्णेतून पाणी उचलते आणि ते कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांकडे व पुढे सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याकडे नेते. तासगाव भागातील द्राक्षबागांत आता ठिबकाच्या लाईनी वेलींच्या ओळींबरोबर धावतात.

मराठीचे नियम

बाहेरून आलेल्या या शब्दाला मराठीने आपले व्याकरण लावले आहे. तो स्त्रीलिंगी झाला. त्याचे अनेकवचन ‘लाईनी’ होते आणि विभक्तीत ‘लाईनीत’, ‘लाईनीला’, ‘लाईनीवर’ अशी रूपे होतात. इंग्रजीत नसलेले वाक्प्रचारही त्यातून निपजले. मुलगा ‘लाईनीला लागला’ म्हणजे पोटापाण्याला लागला. बिघडलेला माणूस ‘लाईनीवर आला’ म्हणजे मार्गावर आला. लाईन येते, जाते, लागते, टाकली जाते, ओढली जाते आणि तुटते. क्रियापद कोणते, यावरून अर्थ बहुधा कळतो. नळाची लाईन टाकतात, तारेची ओढतात, माणसांची लावतात.

बोलणे आणि लिहिणे

समोरासमोरच्या बोलण्यात या शब्दाने अडचण होत नाही. बोलणारा कोठे उभा आहे आणि कशाकडे पाहत आहे, हे ऐकणाऱ्याला दिसत असते. कागदावर हा आधार उरत नाही. एक शेतकरी शेजाऱ्याला लिहून देतो : ‘माझ्या शेतातून लाईन नेण्यास माझी हरकत नाही.’ त्या दिवशी दोघांच्याही मनात पाण्याचा नळ असतो. दहा वर्षांनी जमीन पुढच्या पिढीकडे जाते. मग त्याच कागदाच्या आधारे विजेचे खांब रोवले जातात किंवा बांधाकडेने न जाता शेताच्या मधून नळ टाकला जातो. कागद खरा असतो, सही खरी असते, तरी वाद उभा राहतो. कारण ‘लाईन’ म्हणजे काय, हे लिहिलेले नसते. कायद्यानेही या दोन गोष्टी एक नाहीत. दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ मध्ये असून त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. विजेच्या तारांचा विषय विद्युत अधिनियम, २००३ खाली येतो. म्हणून संमतिपत्रात पाण्याचा नळ की विजेची तार, गट क्रमांक, मार्ग, खोली आणि दुरुस्तीसाठी शेतात येण्याची मुभा, या गोष्टी स्पष्ट लिहिल्या पाहिजेत.

विजेच्या बाबतीत प्रश्न जिवाचा असतो. ‘लाईन गेली’ म्हणजे मोटार बंद पडली, एवढाच शेतकऱ्याचा अर्थ असतो. मोटारीला तीन फेज लागतात. एक फेज गेली तरी ती नीट चालत नाही. पण उरलेल्या तारांत वीज असू शकते. काही वेळा पंपांचा तीन फेज पुरवठा थांबवून घरांसाठी सिंगल फेज चालू ठेवलेली असते. अशा वेळी ‘लाईन नाही’ म्हणून तारेला हात लावणे जीवघेणे ठरते. खांबावर चढणाऱ्या कर्मचाऱ्यालाही ‘लाईन बंद केली आहे’ एवढा निरोप पुरेसा नसतो. कोणता फीडर बंद केला, कोणी केला, कोणत्या वेळेपासून, हे निश्चित होऊन कामाचा परवाना मिळाल्यानंतर, तारेत वीज नसल्याची चाचणी करून आणि ती जमिनीशी जोडूनच काम सुरू करायचे असते.

रेल्वेने हा धोका पूर्वीच ओळखला होता. एरवी ‘लाईन क्लिअर’ म्हणजे वाट मोकळी, इतकेच. रेल्वेच्या नियमांत मात्र, पुढच्या स्थानकापर्यंतच्या टप्प्यात गाडी सोडण्यासाठी त्या स्थानकाकडून मिळालेली परवानगी, हा त्याचा ठरलेला अर्थ आहे. तेथे प्रत्येकाने आपापला अर्थ लावून चालत नाही.

अचूक शब्दांची जोड

शब्दांचे अर्थ निश्चित करण्याच्या कामाशी सातारा जिल्ह्याचे जुने नाते आहे. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम झाले. त्याचा परिभाषासंग्रह १९७३ मध्ये आणि पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्याच्या भाषा संचालनालयानेही १९६० पासून प्रशासनासाठी कोश सिद्ध केले. या प्रयत्नांतून रूढ झालेल्या मराठीत लाईनच्या प्रत्येक अर्थाला नेमका शब्द उपलब्ध आहे : तारांसाठी वीजवाहिनी, विजेसाठी वीजपुरवठा, नळासाठी जलवाहिनी, रुळांसाठी लोहमार्ग, माणसांसाठी रांग, घरांसाठी वसाहत, फोनसाठी दूरध्वनी जोडणी.

याचा अर्थ लोकांच्या तोंडून लाईन काढून टाकावी असा नाही. तो शब्द आता मराठी झाला आहे आणि शेतात, बाजारात, घरात तो उत्तम काम करतो. ग्रामपंचायतीची सूचना, शेतकऱ्यांमधील करार, तक्रारीचा अर्ज, दुरुस्तीचा निरोप यांत मात्र नेमका शब्द हवा. ‘उद्या लाईन बंद राहील’ या सूचनेने गाव संभ्रमात पडते. ‘उद्या सकाळी १० ते दुपारी २ या वेळेत गावठाणाचा वीजपुरवठा बंद राहील, पिण्याचे पाणी नेहमीप्रमाणे येईल,’ असे लिहिले, तर कोणालाही विचारत फिरावे लागत नाही. त्यासाठी फळ्यावर आणखी एक ओळ लिहावी लागते, इतकेच.