लूम काऊन थांबला?

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात नांदगाव पेठ येतं. आजूबाजूला एमआयडीसीचं टेक्स्टाइल पार्क पसरलेलं आहे. २०२४ च्या सप्टेंबरात अमरावतीच्या पीएम मित्रा टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी झाली (कार्यक्रम मात्र वर्ध्याला झाला), तेव्हापासून इथल्या टपरीवर ‘आता लय कंपन्या येणार’ हे वाक्य चहासोबत फुकट मिळतं. येतील तेव्हा येतील. त्यांच्यासोबत आणखी एक जमात येईल, हातात घड्याळ आणि पाटीला लावलेला कागद घेऊन लोकांचं काम मोजणारी. मी त्या जमातीतला. इथल्याच एका विणकाम खात्यात मी हे काम केलं. नव्याने येणाऱ्या पोरापोरींना, आणि खरं तर त्यांच्यावर बसणाऱ्या साहेबांना, उपयोगी पडेल ते लिहून ठेवतो.

१. शंभर टक्के म्हणजे किती, ते आधी कागदावर काढा.

‘कार्यक्षमता वाढवा’ असं बैठकीत सगळेच म्हणतात. कशाच्या मानाने, हे विचारलं की पंख्याकडे पाहतात. हिशोब अवघड नाही. मिनिटाला ६०० पिक (बाण्याचे आडवे धागे) टाकणारा लूम, आठ तासांची पाळी. ६०० गुणिले ४८० म्हणजे २,८८,००० पिक. कापडात इंचाला ६० पिक असतील तर ४,८०० इंच, साधारण १२२ मीटर. हे झाले शंभर टक्के. पाळीअखेर १०४ मीटर उतरले तर ८५ टक्के.

आता त्याच लूमवर इंचाला ८० पिकांचा घट्ट माल चढवा. मशीन क्षणभरही थांबली नाही तरी ९१ मीटरच उतरतील. पण महिन्याच्या तक्त्यात फक्त मीटर लिहिले असतील, तर जाड सुताचा सैल माल चालवणारा हुशार ठरतो आणि घट्ट माल चालवणारा आळशी. अशा तक्त्यावरून माणसं ओरडा खाताना मी पाहिली आहेत. पिक मोजा. मीटर विक्रीवाल्यांना द्या.

२. घड्याळ थांब्यावर रोखा, माणसावर नको.

८५ टक्के म्हणजे ४८० मिनिटांतली ७२ मिनिटं लूम उभा होता. ती ७२ मिनिटं कुठे गेली, हा प्रश्न. साहेबलोकांचं उत्तर तयार असतं : विणकर जागेवर नसतो. मीही घड्याळ घेऊन अशाच एका विणकराच्या मागे उभा राहिलो होतो. लूमचा थांब्याचा दिवा लागलेला, हा हाताची घडी घालून उभा. मी नोंद करतोय हे बघून म्हणाला, “साहेब, तुमाले मी उभा दिसून राह्यलो. फिटर येऊन नाई राह्यला, हे नाई दिसून राह्यलं.”

त्यानंतर मी कागदावरचे रकाने बदलले. आधी ‘काम चालू’ आणि ‘काम बंद’ असे दोनच होते. आता ताण्याचा धागा तुटला, बाण्याचा तुटला, बीम (ताण्याचा रूळ) संपला, नवा बीम आला नाही, फिटरची वाट, क्वालिटीच्या होकाराची वाट, सुताचा कोन नाही, वीज, असे झाले. ‘विणकर जागेवर नाही’ हाही रकाना ठेवला. तो रिकामा नव्हता, पण सगळ्यांत भरलेलाही नव्हता. सगळ्यांत भरले ते ‘वाट’चे रकाने, आणि वाट बघायला लावणारी मंडळी विणकराच्या हाताखाली कुठे असतात?

घड्याळ माणसावर रोखलं की काय होतं, हे शंभर वर्षांपूर्वीच कळून चुकलंय. फ्रेडरिक टेलरने कामाचे तुकडे करून सेकंदांत मोजायची पद्धत रुजवली. १९११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात ओतकाम करणाऱ्यांमागे स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा केला, आणि ते काम टाकून बाहेर पडले. पुढे तिथल्या संसदेने सरकारी कारखान्यांत स्टॉपवॉचसाठी पैसा द्यायलाच मनाई केली. ती मनाई १९४९ पर्यंत टिकली. टेलरची पुस्तकं आमच्या अभ्यासक्रमात होती. ही गोष्ट नव्हती.

३. दिवसभर एका माणसामागे उभं राहण्यापेक्षा फेऱ्या मारा.

ही युक्ती कापडगिरण्यांतूनच जगभर गेली. एल. एच. सी. टिपेट हा इंग्लंडमधल्या सूत उद्योगाच्या संशोधन संस्थेतला संख्याशास्त्रज्ञ. त्याने १९३० च्या दशकात ‘स्नॅप रीडिंग’ काढलं : वेळी-अवेळी खात्यातून एक फेरी मारायची, प्रत्येक लूम त्या क्षणी काय करतोय एवढंच टिपायचं आणि पुढे जायचं. अशा पुरेशा नोंदी झाल्या की बंद दिसलेल्या लूमची टक्केवारी म्हणजेच बंद वेळेची टक्केवारी. लूम शंभरातल्या वीस वेळा बंद असतील आणि पाच टक्के इकडेतिकडे चालत असेल, तर अडीचशेच्या आसपास नोंदी पुरतात. पन्नास लूमच्या खात्यात हे पाच फेऱ्यांत होतं असं गणित सांगतं. पण एका दिवसाच्या पाच फेऱ्या म्हणजे त्या दिवसाचं नशीब. त्या वेगवेगळ्या पाळ्यांत वाटा. रात्रीची पाळी सोडू नका, आणि फेरीची वेळ ठरलेली ठेवू नका. तुम्ही रोज अकराला येता हे कळलं की अकराला सगळं खातं कसं लखलखतं ते पाहा!

४. आकड्याला बक्षीस लावलं की लोक आकडा विणतात.

पाळीनुसार उत्पादनाचा फळा लावला आणि सगळ्यांत वरच्या पाळीला महिन्याला काहीतरी द्यायचं ठरलं. कल्पना साहेबांची. थोड्या दिवसांत सकाळची पाळी रडकुंडीला आली. पाळी सुरू होताना लूमवर जाऊन पाहावं तर बीमवर जेमतेम तासाभराचा ताणा उरलेला. मग बीम उतरवा, नवा चढवा, गाठी मारा, गाठी फणीतून पार काढा, क्वालिटीवाल्याची वाट बघा. लूम पाव पाळी बंद. आधीच्या पाळीने बीम संपू द्यायचा नाही अशा बेताने काम ओढलेलं असे. कुठे लूम हळूच सावकाश चालवायचा, कुठे सुटीच्या तासाला थांबवून ठेवायचा. उत्पादन फळ्यावर छान दिसायचं, आणि खात्याचं एकूण उत्पादन तिथल्या तिथेच.

मी कोणाला दोष देत नाही. तुम्ही बीमबदलाचं नुकसान ज्याच्या पाळीत होईल त्याच्या माथी मारता, तर शहाणा माणूस ते पुढच्यावर ढकलणारच. उपाय दोन झाले. बीमबदलाची वेळ पाळीच्या हिशोबातून बाहेर काढली, तिचा वेगळा रकाना केला. आणि बीम बदलून देणाऱ्या पाळीला त्याचं श्रेय दिलं. बीम संपण्याआधीच पुढचा बीम ट्रॉलीवर, गाठी मारायचं मशीन शेजारी, फणी तयार, अशी सोय झाल्यावर बदलाची वेळही पुष्कळ उतरली. लूम चालू असताना होऊ शकणारं काम लूम बंद करून करायचं नाही, हे जपानी अभियंते शिंगोसाहेबांचं सूत्र. आमच्या हेल्परला ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं : “भाजी चिरून ठेवली असली म्हंजे गॅस पेटवाले येळ नाई लागत.”

५. वेग मागे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एका लेनचा डांबरी थर सलग टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारच्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरच्या आसपास, दहा दिवसांचा. ज्या रस्त्याने वर्षानुवर्षं वऱ्हाडातल्या माणसांचे मणके मोजले, त्याच रस्त्याने हे करून दाखवावं यात काव्य आहे. पण मला रस त्याच्या गणितात.

ताशी सातशे मीटरच्या थोडं वर. चालत्या माणसापेक्षा खूपच हळू. मग विक्रम कशाचा? न थांबण्याचा. त्या कामात ३६,६३४ टन डांबरी मिश्रण लागलं. १०५ तासांत वाटलं तर ताशी साडेतीनशे टनांच्या घरात येतं. वीस टनांचा एक टिपर धरला तर दर साडेतीन मिनिटांना एक गरम टिपर, जवळजवळ साडेचार दिवस, दिवसरात्र. एक टिपर पंक्चर झाला की मागचा पुढे आलाच पाहिजे. थर टाकणाऱ्या मशीनवरच्या माणसाला ‘लवकर कर’ म्हणून काहीच होणार नव्हतं. जिंकले ते खडी, डांबर आणि टिपरच्या रांगेत.

आमच्याकडे कापड कमी उतरलं की विणकरांची बैठक व्हायची. सुताचं गोदाम, बीम तयार करणारं खातं आणि फिटरांची पाळी यांची बैठक लावा म्हटलं की सगळ्यांना दुसरी कामं निघायची.

६. थांबलेला लूम नेहमी वाईट नसतो.

१९२४ मध्ये जपानच्या साकिची तोयोदांनी तयार केलेल्या स्वयंचलित मागाचं मोठेपण यात होतं की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा. चुकीचं कापड विणत राहायचा नाही. पुढे त्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात कामगाराला आख्खी लाईन थांबवायची मुभा मिळाली. धावत राहून खराब कापड काढलं तर तपासणीच्या टेबलावर चार-पॉइंट पद्धतीत एका मोठ्या दोषाला चार गुण लागतात, आणि असे गुण साठले की आख्खा तागा सेकंडमध्ये जातो. उत्पादनाच्या फळ्याशेजारी खराब मालाचा फळा नसेल तर पहिला फळा काढून टाका.

७. कचेरीतला वेळही मोजा, तिथे लूमचा आवाज नसतो एवढंच.

एका सेन्सरची मागणी. फिटरने लिहिली, खातेप्रमुखाने सही केली, स्टोअर, परचेस, लेखा, परत परचेस. प्रत्येकाने ती हातात घेतली तो वेळ जोडला तर अर्धा तासही भरत नव्हता. सेन्सर यायला मात्र पंधरवडा गेला, त्यात बाजारातून यायचे दोन दिवस. बाकीचा वेळ कागद कोणाच्या तरी टेबलावर पेपरवेटखाली. कागदाच्या मागे प्रत्येकाने आल्याची आणि गेल्याची तारीख टाकायची, एवढाच बदल सुचवला. सगळ्यांत जास्त विरोध याला झाला.

८. आकड्यावर महिना लिहा.

सुती धागा कोरड्या हवेत अशक्त होतो. ओलावा असला की ताण सोसतो. म्हणून विणकाम खात्यात हवा दमट ठेवतात. मे महिन्यात वऱ्हाडात पारा पंचेचाळिसाला टेकतो, बाहेरची हवा हाडापर्यंत सुकवते, आणि ओलावा देणाऱ्या यंत्रणेचा जीव जातो. जो तो दार उघडं ठेवतो त्याने आणखी. त्या दिवसांत ताण्याची तूट वाढते, आणि वरून मेल येते की जानेवारीच्या मानाने कामगारांची कार्यक्षमता घसरली आहे. आम्ही तक्त्यात दर पाळीच्या तुटीशेजारी खात्याची आर्द्रता लिहायला लागलो. मेल थांबली नाही, पण तिचा पत्ता बदलला. ती आता ओलाव्याच्या प्लांटवाल्याला जायची.

९. लूम वाढवायचे असतील तर आधी तूट मोजा, मग माणसाशी बोला.

मोजणीवाल्याला लोक घाबरतात ते उगाच नाही. मोजून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला : एका विणकराकडे चार लूम आहेत, सहा का नाहीत? मुंबईत हाच प्रश्न १९२८ साली पेटला. विणकराला दोनऐवजी तीन साचे (म्हणजे माग), कातणाऱ्याला एकाऐवजी दोन बाजू, अशा ‘एफिशियन्सी’च्या योजना आल्या. मजुरीकपातीची भीती आणि माणसं कमी होण्याची धास्ती त्यात मिसळली. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद राहिल्या. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली आणि शेवटी चौकशीसाठी फॉसेट कमिटी नेमावी लागली. त्या वेळच्या मालकांनाही मोजणी आवडत होती. कोणाच्या फायद्यासाठी, हा मुद्दा होता.

उलटं उदाहरण अहमदाबादचं. १९५३ साली कॅलिको मिलमध्ये ए. के. राइस या इंग्रज संशोधकाच्या सल्ल्याने स्वयंचलित मागांच्या खात्यात काम वेगळं वाटलं. आधी एक माणूस फक्त धागे जोडणार, एक फक्त बॉबिन भरणार, एक फक्त तेल घालणार. मग लूमचा एक संच आणि तो चालवणारा एक लहान गट अशी रचना केली, आणि गटाने आपसांत कामं वाटून घ्यायची. उत्पादन सुधारलं, खराब माल घटला. वेग वाढवा असं कोणाला म्हटलं नव्हतं.

आता लूमची संख्या ठरवायचं साधं गणित. सहा लूम, प्रत्येकी तासाला चार तुटी, एक तूट जोडायला एक मिनिट : तासातली २४ मिनिटं. बाकी वेळात चालणं, कापडावर नजर, कोन बदलणं, पाणी पिणं. जमतं. सूत खराब आलं आणि तुटी आठ झाल्या की ४८ मिनिटं. शिवाय एक जोडेपर्यंत दुसरा थांबून वाट बघतो, ती वेळ वेगळीच. हे जमत नाही, मग विणकर कितीही तेज असो. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ विणकराने हे आकड्यांशिवाय सांगितलं होतं, “तुमाले घडी दिसते, मले धागा दिसते.”

शेवटी ठरलं ते असं : तुटीचा आकडा दर पाळीला फळ्यावर लिहायचा, लूममागे तासाला पाचाच्या वर गेला की त्या विणकराला हेल्पर द्यायचा, आणि तो सलग खाली राहिला तरच लूम वाढवायची गोष्ट काढायची. वाढवले तर दरही वाढवायचा. पहिल्याच आठवड्यात फळ्यासमोर भांडण झालं. सूत पुरवणारे म्हणत होते आकडा फुगवलाय. विणकरांनी खिशातून कोनांवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि कोणत्या लॉटचं सूत तुटतं ते एकेक करून टेबलावर मांडलं.