टाचेखालचा डाग दाखवून घे

कुडाळ,
10 जून 2025

चि. बाबू,

काल वहिनीचा फोन आला होता. तुझ्या उजव्या टाचेखाली काळा डाग आहे, शिमग्यापासून तो वाढतोय आणि तू अधूनमधून ब्लेडने वरची कातडी तासतोस, असं ती सांगत होती. मी तुला विचारलं, तर "आत्ये, कुरूप आसा ता. दुखणा नाय, मगे दाखवूचा कशाक?" म्हणालास आणि डिझेलच्या दरावर घसरलास. म्हणून हे पत्र. निवांत बसून वाच आणि मग सूनबाईलाही वाचायला दे.

तो डाग कसला आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही. कदाचित साधा तीळ असेल, कदाचित खरंच कुरूप असेल. पण कुरूप पिवळट, टणक असतं आणि पाय टेकला की टोचतं. तुझा डाग काळा आहे, पसरतोय आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणून तू निर्धास्त आहेस, आणि मला त्याचीच काळजी वाटते. त्वचेचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दवाखान्यातल्या नोकरीत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं: ठणकणारं गळू माणूस रात्री उठून दाखवायला येतो, आणि न दुखणारा डाग वर्षभर अंगावर काढतो.

अंगावर तीळ नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि बहुतेक तीळ जन्मभर काही करत नाहीत. भीती तिळाची नाही, बदलणाऱ्या तिळाची. पाच गोष्टी बघायच्या. डागाचे दोन अर्धे सारखे आहेत का? कडा सरळ आहे की दातेरी? रंग एकच आहे की त्यात काळा, तपकिरी, तांबूस, निळसर अशी सरमिसळ आहे? आकार 6 मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिलीच्या मागच्या टोकाच्या पुढे गेलाय का? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, गेल्या काही महिन्यांत तो बदललाय का? त्यातून रक्त किंवा पाणी येऊ लागलं, खाज सुटली, किंवा अंगावरच्या बाकीच्या तिळांत तो एकटाच वेगळा दिसू लागला, तर विचार करत बसायचं नाही, दाखवायचं. वहिनीने सांगितलं त्यावरून यातल्या दोन-तीन गोष्टी तुझ्या टाचेला लागू पडतात.

तू म्हणशील, हा गोऱ्या लोकांचा रोग. अर्धं खरं आहे. आपल्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हापासून आपल्याला पुष्कळ सांभाळतं, म्हणून तिळाचा कर्करोग, म्हणजे मेलेनोमा, ऑस्ट्रेलियात जितका होतो त्याच्या मानाने आपल्याकडे फार थोडा. पण आपल्याकडे तो झाला तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे ऊन फारसं पोचत नाही. आणि जिथे कोणी बघत नाही तिथे तो होत असल्यामुळे उशिरा सापडतो. रापणीचं जाळं ओढताना तुम्ही सगळे अनवाणी. टाचेला भेगा, शिंपलीचे कापे, काट्यांच्या खुणा. त्यात एक काळा डाग वाढला तर लक्षात कुणाच्या येणार?

बॉब मार्लेचा फोटो छापलेले टी-शर्ट तू गोव्यातल्या दुकानांत लटकलेले पाहिले असशील. जमैकाचा तो मोठा गायक. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच डाग होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल असं वाटत राहिलं. 1977 साली तो मेलेनोमा असल्याचं कळलं. डॉक्टरांनी अंगठा काढायचा सल्ला दिला, त्याने तो मानला नाही. नख आणि त्याखालचा भाग तेवढा काढला. रोग पुढे फुफ्फुसात आणि मेंदूत गेला आणि 11 मे 1981 रोजी तो वारला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. तो गोरा नव्हता, आणि पैशाला कमी नव्हता.

नखाचं आलंच आहे तर तेही सांगते, कारण होडीवर नखं चेमटतातच. मार लागून रक्त साकळलं असेल तर नख वाढेल तसा तो काळा भाग पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं. पायाच्या अंगठ्याचं नख पुरतं बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, पण सरकणं दोन-तीन महिन्यांत कळतं. डाग सरकला नाही, एकाच नखावरची काळी रेघ रुंदावत गेली किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर ते माराचं समजू नये.

आता ब्लेडविषयी. ते आजच टाकून दे. त्वचारोगतज्ज्ञांकडे डर्मोस्कोप नावाचं दिवा असलेलं छोटं भिंग असतं. तळव्याच्या कातडीवर बोटाच्या ठशासारख्या रेषा असतात: बारीक उंचवटे आणि त्यांच्यामध्ये बारीक चऱ्या. साध्या तिळाचा रंग बहुधा चऱ्यांमध्ये भरलेला दिसतो, संशयास्पद डागाचा रंग उंचवट्यांवरून पसरलेला. कातडी न कापता डॉक्टरांना एवढं कळू शकतं, आणि तू नेमक्या त्याच रेषा तासून टाकतोयस. बिब्बा, चुना, कुरुपाची मेडिकलमधली पट्टी, चामखिळीला बांधतात तसा घोड्याचा केस, ह्यातलं काहीही लावू नकोस. कोणी लेझरने पाच मिनिटांत जाळून देतो म्हणाला तरी आधी तपासणी. जाळलेल्या मांसाची तपासणी करता येत नाही, आणि खाली काही उरलं तर ते वरून दिसत नाही.

"कापल्यार पसारता" हे तुला आळीतले दहा जण सांगतील. उलट आहे. डॉक्टर संशयाचा डाग शक्यतो कडेच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढतात. डाग मोठा असेल तर तुकडा घेतात. ह्याला बायोप्सी म्हणतात. तिने रोग पसरत नाही. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोग आहे की नाही आणि असल्यास किती खोल, हे ठरतं. ही खोली मिलिमीटरमध्ये मोजायची पद्धत अलेक्झांडर ब्रेस्लो ह्या डॉक्टरने 1970 साली मांडली आणि आजही उपचार तिच्यावरच ठरतात. 1 मिलिमीटरच्या आत असेल तर बहुधा एका शस्त्रक्रियेत काम होतं आणि बहुतेक माणसं बरी होतात. 4 मिलिमीटरच्या पुढे गेला की गाठींत, फुफ्फुसात पसरण्याचा धोका फार वाढतो. होडीची फळी तू ओळखतोस: वरून भोक बारीक दिसतं आणि आत किडीने फळी पोखरलेली असते. डागाचंही तसंच. किती रुंद ह्यापेक्षा किती खोल हे महत्त्वाचं, आणि खोली वाढायला आपण घालवलेले महिने पुरतात.

त्वचेचा कर्करोग तिळातूनच होतो असं नाही, म्हणून वहिनीकडेही बघ. टाटा रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई ह्यांनी 1945 सालीच लिहून ठेवलं होतं की धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी काचली तर तिथे कर्करोग होऊ शकतो. 2024 साली वर्धा आणि मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांविषयी लिहिलं. परकराची नाडी किंवा लुगडं घट्ट आवळल्याच्या जागी त्यांना न भरणारी जखम झाली होती, आणि एकीचा रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. वहिनीला नाडीऐवजी रुंद पट्टी लावायला सांग, आणि कमरेवर न भरणारा व्रण असेल तर तिलाही तुझ्याबरोबर ने. भाजल्याच्या जुन्या व्रणावर नवी जखम होऊन ती भरत नसेल, तिथेही हेच.

आता कुठे जायचं ते. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, आता तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्वचारोगाची ओपीडी कोणत्या वारी असते ते फोनवर विचार, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ, आणि डॉक्टरांना आधी सांग की डाग वाढतोय आणि तू तो तासला आहेस. लपवू नकोस. पुढे गरज पडली तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे, मुंबईत परळला टाटा आहे. कुडाळला तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसलास की दादरला उतरायचं, तिथून परळ जवळ. बायोप्सी कुठेही झाली तरी रिपोर्टबरोबर तिच्या काचा (स्लाइड) आणि मेणाचे ब्लॉक मागून जपून ठेव. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा बघतात. खर्चाची धास्ती घेऊ नकोस. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेट. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वे भाड्यात सवलत देते, तीही विचारून घे.

घरात एक सवय लाव. महिन्यातून एकदा आंघोळ झाल्यावर उजेडात तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं, तळहात बघायचे. पाठ सूनबाई बघेल, तिची तू बघ. शंका आली तर शेजारी पट्टी धरून मोबाईलवर फोटो काढ, म्हणजे पुढच्या वेळी फरक कळतो. तुझ्या टाचेच्या बाबतीत मात्र फोटो काढत थांबायची वेळ गेली.

आणि आता "गणपती होऊ देत" म्हणू नकोस. मासेमारीबंदी 31 जुलैपर्यंत आहे, होडी शाकारून ठेवलेली आहे. दर्यावर जायचं नाही, कोणाचा खाडा नाही, कोणाचं नुकसान नाही. डाग साधा निघाला तर एक सकाळ गेली एवढंच, आणि मला त्याचा आनंदच होईल. साधा नसला तर जूनमध्ये दाखवणं आणि दिवाळीत दाखवणं ह्यात तुझ्या आयुष्याचा फरक पडू शकतो. तुझ्यामागे दोन लेकरं आहेत. ह्याच आठवड्यात ओरोसला जा आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला स्वतः कळव. एकट्याला जायचं नसेल तर सांग, मी कुडाळहून तुझ्याबरोबर येते.

तुझी,
आत्या