डॉकला लावलेला मॉनिटर काळाच राहिला तर

लिनक्सवर डॉकमधून मॉनिटर दिसेना झाला की आपण लगेच ड्रायव्हर शोधायला धावतो. तो नंतरचा उद्योग. आधी डॉकचा अ‍ॅडॉप्टर सॉकेटमधून काढा, लॅपटॉपला जोडलेली वायरही काढा आणि अर्धं मिनिट थांबून पुन्हा जोडा. डॉकच्या आत स्वतःचं फर्मवेअर चालत असतं. ते अडकलं असेल तर नुसता लॅपटॉप कितीदाही रीस्टार्ट करा, डॉक ढिम्म.

तरी काही नाही? मॉनिटर एचडीएमआय वायरने थेट लॅपटॉपला लावून बघा. दिसला, तर संशय डॉकवर आणि त्याच्या यूएसबी-सी वायरवर. या वायरी दिसायला जुळ्या बहिणी, पण फोनबरोबर आलेली चार्जिंगची वायर बहुधा चित्र नेतच नाही.

आता डॉकची जात ओळखा. टर्मिनलवर ‘एलएसयूएसबी’ कमांड द्या. यादीत डिस्प्लेलिंक हे नाव आलं, तर चित्र यूएसबीच्या डेटातून जातंय आणि त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. कर्नल अपडेटनंतर मॉनिटर गेला असेल तर पहिला संशय याच्यावरच: नव्या कर्नलसाठी या ड्रायव्हरचं ‘ईव्हीडीआय’ मॉड्यूल बनलेलं नसतं, किंवा सिक्युअर बूट चालू असल्यामुळे सही नसलेलं मॉड्यूल अडवलं जातं. ड्रायव्हर पुन्हा बसवा; सहीची किल्ली विचारली तर ती नोंदवा.

डिस्प्लेलिंक नसेल तर चित्र थेट ग्राफिक्स कार्डातून येतं. टर्मिनलवर कर्नलचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ कमांड चालू ठेवून वायर लावा. एकही नवी ओळ उमटली नाही, तर दोष वायरचा, पोर्टचा किंवा डॉकचा. थंडरबोल्ट डॉक असेल तर सेटिंगमध्ये त्याला परवानगी दिली आहे ना, तेही बघा. मॉनिटर ओळखला गेलाय पण काळाच आहे, तर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट कमी करा. वेलँडवर ‘एक्सरँडर’ कमांडशी झटापट नको, तिथे त्याचं चालत नाही.

४के मॉनिटर ३० हर्ट्झवरच अडतो, ही तक्रार मात्र बऱ्याचदा बिघाडच नसते. यूएसबी-सीमध्ये वेगवान डेटाच्या ४ लेन. डॉकने २ यूएसबीसाठी घेतल्या की चित्राला २ उरतात, आणि जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्यातून ४के ६० हर्ट्झ मावत नाही. अंगभूत डॉक असलेल्या काही मॉनिटरच्या मेनूत यूएसबीचा वेग उतरवून चारही लेन चित्राला द्यायची सोय असते. माउस-कीबोर्डापुरता डॉक वापरत असाल तर खुशाल द्या.

एवढ्यानेही भागलं नाही, तर ‘एफडब्ल्यूयूपीडी’ या टूलने डॉकचं फर्मवेअर अपडेट करा. ते चालू असताना वायरींना हात लावू नका.