वाळूतील लोह आणि आकाशातील तारे
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी सामान्य विज्ञानाचा पाठ)

हेतू : पृथ्वीवरील बहुतेक मूलद्रव्ये ताऱ्यांत घडली, हे परिचित वस्तूंच्या आधारे विद्यार्थ्यांस समजावून देणे.

साहित्य : लोहचुंबक, कागद, अरुणावती नदीतील मूठभर कोरडी वाळू.

प्रस्तावना : वाळू कागदावर पसरून तिच्यावरून लोहचुंबक फिरवावा. काही काळे कण त्यास चिकटतील. त्यांत लोह असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून जो काळा पाषाण झाला, त्याच्या झिजेतून हे कण आले. विळ्याचे पाते लोहाचे आहे, हे मुले सांगतीलच. मग विचारावे, "पृथ्वीत लोह आले कोठून?" उत्तराची घाई करू नये. मुलांना तर्क करू द्यावा.

विवेचन : सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी, विश्वाच्या आरंभी, मुख्यतः हायड्रोजन व हेलियम हीच मूलद्रव्ये होती. ताऱ्याच्या गाभ्यातील प्रचंड उष्णतेत हायड्रोजनचे अणुगर्भ एकत्र येऊन हेलियम बनतो. मोठ्या ताऱ्यांत पुढे कार्बन, प्राणवायू आणि शेवटी लोह तयार होते. लोहाच्या पुढे अशा संयोगातून ऊर्जा मिळत नाही. तेव्हा गाभा ढासळतो, ताऱ्याचा स्फोट होतो आणि त्यातील द्रव्ये अवकाशात विखुरतात. श्वेतबटू नावाच्या लहान, घन ताऱ्यांच्या स्फोटांतूनही पुष्कळ लोह निर्माण झाले. अशा द्रव्यांनी मिश्रित झालेल्या ढगातून सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य आणि त्यापाठोपाठ पृथ्वी घडली.

ही उपपत्ती १९५७ साली फ्रेड हॉइल, विल्यम फाउलर आणि बर्बिज दांपत्य यांनी सविस्तर मांडली. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे हॉइल यांचेच विद्यार्थी.

दक्षता : "आपले लोह सूर्याने दिले" असा समज मुले करून घेतील, तो दुरुस्त करावा. सूर्य आज हायड्रोजनपासून हेलियमच बनवीत आहे. आपले लोह त्याच्याही आधीच्या ताऱ्यांचे आहे.

गृहपाठ : मृग म्हटले की शेतकऱ्याच्या मुलास पेरणी आठवते. परंतु जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्राजवळ असल्याने ते रात्री दिसत नाही. जानेवारीत सायंकाळनंतर ते पूर्वेकडे पाहावे. मृगाच्या चार पायांपैकी तांबूस तारा म्हणजे काक्षी. त्याचाही एक दिवस स्फोट होणार आहे.

समारोप : आपले रक्त लाल दिसते, तेही त्यातील लोहयुक्त द्रव्यामुळे, हे शेवटी सांगावे. सातपुड्याच्या पाड्यावरून येणारे मूल आणि शिरपूरच्या पेठेतील मूल एकाच बाकावर बसतात. दोघांच्याही रक्तातील लोह ताऱ्यांतूनच आले आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला समतेवर आपण पुष्कळ बोलतो. येथे तीच गोष्ट मुलाला चिमूटभर वाळूत पाहता येते. ती त्याने स्वतः पाहावी, एवढी संधी शिक्षकाने द्यावी.